वाचकांचे प्रश्न : बोलत नाही, आणि पाय टेकवत नाहीये

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. पाणी हवं असेल तर माझा हात धरून माठाकडे नेतो, एवढंच आमचं बोलणं. गेल्या रविवारी सकाळी उठला तो लंगडतच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाहीये, रोज हा जिना धावत चढतो आणि मी खालून ओरडत असते, त्या दिवशी पहिल्याच पायरीवर बसला आणि उचल म्हणून हात वर केले. रात्री कॅज्युअल्टीत नेलं. तिथे ते पांढरे लाइट, गर्दी, मशीनचं बीप बीप, तो कान दाबून जमिनीवर आडवाच झाला. मधे मधे गुडघ्यावर चापट्या मारत होता म्हणून चौघांनी धरून गुडघ्याचा एक्सरे काढला. पाय हलवून बघितला तर कुठेही हात लावला की किंचाळत होता त्यामुळे नक्की कुठे दुखतंय ते कळलंच नाही. एक्सरे नॉर्मल. "अशी मुलं करतात असं, बिहेवियरल असेल, दोन दिवस बघा." आज तिसरा दिवस, आता बूड घासत सरकतोय, अंग कोमट लागतंय. सासूबाई म्हणतात लचकलं असेल, तेल लावून शेक. परत नेऊ का? आणि नेलं तर वेगळं काय करायला सांगू, मला तर त्यांच्यासमोर बोलताच येत नाही.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी मी "आत्ता निघा, शेकू नका, चोळू नका" एवढं कळवलं होतं आणि तुम्ही नेलंतही. पुढचं तुम्हीच कळवलंत ते इतरांसाठी लिहिते. दुसऱ्या ठिकाणी खुब्याची सोनोग्राफी केली, उजव्या खुब्यात पाणी दिसलं, रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, ताप १०० च्या वर कधी गेला नाही, आणि दहा दिवसांपूर्वी त्याला सर्दी होऊन गेली होती हे तुम्हाला तिथे विचारल्यावर आठवलं. ट्रान्झियंट सायनोव्हायटिस म्हणतात याला, व्हायरलनंतर खुब्याच्या सांध्याला तात्पुरती सूज. साधारण ३ ते १० वयात पोरं अचानक लंगडायला लागण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपलं आपण बरं होतं. हा परत जिने चढायला लागला हे वाचून बरं वाटलं.

आता कुणी म्हणेल, मग पहिले डॉक्टर बरोबरच होते की, दोन दिवस बघा म्हणाले ते. नाही. उत्तर जुळलं पण गणित चुकलेलं होतं. कारण अगदी असंच लंगडणं, असंच कोमट अंग घेऊन सांध्यात पू झालेलं मूल पण येतं, आणि पू झाला असेल तर काही तासांत आतली कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खराब व्हायला लागते, तिथे दोन दिवस बघायचं नसतं, त्याच रात्री ऑपरेशन करून सांधा धुवावा लागतो. "बिहेवियरल" हे बाकीचं सगळं तपासून झाल्यावर शेवटी उरलं तर लावायचं लेबल आहे. ऑटिझमच्या पोरांच्या बाबतीत ते पहिल्या पाच मिनिटांतच लागतं, दात दुखला तरी ऑटिझम, पोट दुखलं तरी ऑटिझम. मुलगा इतकी वर्षं ऑटिझम असूनच जिने चढत होता ना, मग रविवारी सकाळी नवीन काय झालं, हा प्रश्न विचारायला हवा होता.

आणि गुडघा. खुब्याला जाणाऱ्या काही नसा गुडघ्यालाही जातात, त्यामुळे खुबा दुखत असला तरी पोराला गुडघा दुखल्यासारखं वाटतं. बोलणारं मूलही गुडघाच दाखवतं, तुमच्या मुलाने चापट्या मारून दाखवला, म्हणजे त्याने सांगितलं हो, आपण पत्त्यावर गेलो पण शेजारच्या घरात शोधायचं राहिलं. गुडघा म्हटलं की खुबा तपासायचाच, हा आमच्याकडे अगदी बाळबोध नियम आहे तरी गर्दीत सुटतो. शिवाय गुडघ्याचा असो की खुब्याचा, एक्सरेमध्ये हाडं दिसतात, सांध्यातलं थोडंसं पाणी दिसत नाही, त्याला सोनोग्राफी. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर असेल तर ती पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी नवीन हाड धरायला लागलं की दिसते, हाडातलं इन्फेक्शनसुद्धा एक्सरेवर यायला तेवढेच दिवस घेतं, आणि पर्थीस नावाचा खुब्याचा आजार आहे, ४ ते ८ वयातल्या मुलग्यांत जास्त, तो सुरुवातीला एक्सरेला पूर्ण गुंगारा देतो. म्हणून "एक्सरे नॉर्मल" ऐकलं की विचारायचं, कुठला एक्सरे, आणि अजून लंगडतोय तर परत कधी काढायचा.

बोलता येत नाही म्हणालात, तर कागदावर लिहून न्या. माझ्याकडे एक आई असाच कागद घेऊन आली होती, वहीचं फाडलेलं पान, वर लिहिलं होतं : "नेहमीचं — चवड्यावर चालतो, २ वर्षांचा असल्यापासून. नवीन — मंगळवारपासून डावी टाच अजिबात टेकवत नाही, सायकलला हात लावला नाही. दुखलं की रडत नाही, मोठ्याने गुणगुणतो आणि मनगट चावतो. खूप दुखलं की हसतो. मागून हात लावू नका. पॅरासिटामॉल दुपारी ३ वाजता दिलं." मला त्या पानाने जेवढं सांगितलं तेवढं कुठल्या रेफरल चिठ्ठीने कधी सांगितलेलं नाही. चवड्यावर चालणं ऑटिझममध्ये बऱ्याच मुलांचं असतं, ते मला नवीन वाटलं असतं आणि मी तिथेच अडकले असते. "खूप दुखलं की हसतो" हे तर मला जन्मात कळलं नसतं. पूर्वी सरळ म्हणायचे की या मुलांना दुखत नाही, ते खोटं आहे, दुखतं तेवढंच, दाखवण्याची रीत वेगळी.

औषध दिल्याची वेळ का, तर पॅरासिटामॉल दिलेलं असेल तर तिथे ताप ९९ येतो आणि सगळ्यांना वाटतं ताप नाहीच. म्हणून देऊ नका असं मात्र नाही हं. दुखणं कमी केल्याने आजार लपत नाही, उलट पोरगं तपासू देतं. २० किलोच्या मुलाला एका वेळी ३०० मिलीग्रॅम, म्हणजे २५० वालं सिरप ६ मिली, सहा तासांच्या अंतराने. बाटलीवर १२० का १२५ का २५० ते बघा, इथे लोक फार गोंधळ घालतात. आयबुप्रोफेन मात्र पावसाळ्याच्या दिवसांत डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आपल्या मनाने नको.

दुसरं, मोबाइल. घरात, अनवाणी, हाफ चड्डीवर, समोरून आणि मागून चालताना वीस-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, कारण कॅज्युअल्टीत तो चालणारच नाहीये. सोबत महिन्यापूर्वीचा कुठलाही व्हिडिओ, वाढदिवसाचा, बागेतला, ज्यात धावतोय. दोन्ही शेजारी ठेवले की डॉक्टरला शिकवावं लागत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर तेही काढून दाखवा, दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात तपासणी-उपचारात प्राधान्य द्यायचं म्हटलेलं आहे, भांडायला नाही, बाहेर शांत कोपऱ्यात थांबतो आणि आमचा नंबर आला की बोलवा, एवढं मागायला.

आणि एक कडू गोष्ट. तिथे तुम्हाला विचारतील, घरी, शाळेत, व्हॅनमध्ये कुणी मारलं का, पडला तेव्हा सोबत कोण होतं. राग येतो, मला माहितीये. पण जे मूल सांगू शकत नाही त्याला इजा होण्याचा धोका जास्त असतो आणि न विचारणारा डॉक्टर मला जास्त काळजीचा वाटतो.

थांबायचं नाही असं कधी, तर पाय अजिबातच टेकवत नसेल, ताप १०१ च्या वर असेल, रात्री झोपेतून कण्हत उठत असेल, सांधा सुजून गरम लागत असेल, चेहरा पांढरा पडला असेल किंवा अंगावर निळे डाग असतील. आणि मुलगा असेल तर चड्डी काढून बघा, वृषणाला पीळ पडला तरी पोरगं वाकून लंगडत चालतं आणि तिथे सहा तासांचा हिशोब असतो, लाजेपायी हे राहून जातं.

प्रश्न : नमस्कार. माझी नात ५ वर्षांची, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. खाणं फक्त पांढरं : दूधभात, दुधात बुडवलेलं बिस्कीट, साधी इडली. रंग दिसला की ताट ढकलते. सूनबाईने सगळे उपाय केले. महिनाभरापासून चालायची कमी झाली, आता उभं केलं की पाय पोटाशी घेते आणि रडते. दात घासताना रक्त येतं, मांडीवर निळसर डाग आहेत. इमर्जन्सीला नेलं तर हिमोग्लोबिन ८ निघालं आणि त्यांनी रक्ताच्या कॅन्सरची तपासणी करावी लागेल असं सांगितलं. घरात दोन दिवस कुणी जेवलेलं नाही. हे खाण्यामुळे होऊ शकतं का हो?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, होऊ शकतं. आणि तुम्ही पत्रात आधी खाण्याचं लिहिलंत, मग पायाचं, त्या क्रमातच अर्धं निदान आहे. तुम्ही सांगताय ते चित्र स्कर्व्हीचं असू शकतं, क जीवनसत्त्व संपल्याचा आजार. शाळेत आपण घोकला होता आणि मनात समज असा की तो जुन्या काळातल्या खलाशांना व्हायचा. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं, संत्री-लिंबं मिळालेले दोघं आठवड्याच्या आत उठून बसले. तोच आजार आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, वजन अगदी छान असलेल्या मुलांना होतो, कारण पोट भरतंय पण त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. तांदळात नाही, बिस्किटात नाही, उकळलेल्या दुधात नावाला. शरीर ते स्वतः बनवत नाही आणि साठा एक ते तीन महिन्यांत संपतो.

लंगडणं कुठून येतं, तर हाडावरच्या नाजूक आवरणाखाली रक्त उतरतं आणि ते प्रचंड दुखतं. म्हणून मूल पाय बेडकासारखे दुमडून पडून राहतं, कुणी जवळ आलं तरी आक्रसतं, हात लावण्याच्या आधीच. हिरड्या सुजून जांभळ्या होतात, हिमोग्लोबिन उतरतं. आता ही यादी आणि ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, यादी समोरासमोर ठेवा, पांढरी पडलेली, डाग, रक्त, हाडं दुखणं, जवळजवळ तीच. एमआरआय केला तरी दोन्हींत हाडांच्या आतलं चित्र सारखं दिसू शकतं. त्यामुळे डॉक्टरांनी कॅन्सरचं नाव काढलं तर ते चुकले नाहीत, त्यांच्यावर चिडू नका आणि तपासण्या टाळू तर अजिबातच नका. फक्त त्यांना विचारा, "ती गेलं वर्षभर हेच खाते, क जीवनसत्त्वाचं बघता का?" माझा अनुभव असा की कॅज्युअल्टीत आहार विचारतात तो "नीट जेवते का?" एवढाच, आणि आई "हो, जेवते" म्हणते, कारण ती खरंच जेवते. कुणी "काय जेवते, काल सकाळपासून सांगा" असं विचारत नाही.

गुडघ्याच्या एक्सरेत हाडाच्या टोकाशी एक जाड पांढरी रेघ दिसते, अनुभवी डोळ्याला ती कळते. रक्तातलं प्रमाणही तपासता येतं पण रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात. मुलांना रोज १०० ते ३०० मिलीग्रॅम, महिनाभर तरी, डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. यातली गंमत अशी, गंमत म्हणजे काय, मला दरवेळी नवल वाटतं, की स्कर्व्ही असेल तर दोन-चार दिवसांत दुखणं उतरायला लागतं. माझ्याकडची एक मुलगी, तुमच्या नातीएवढीच, पाचव्या दिवशी पलंगाच्या कडेला उभी राहून पडदा ओढत होती आणि तिचे वडील तिला अडवायचं सोडून नुसते बघत उभे होते.

पुढच्या खाण्याचं म्हणाल तर तिला हिरवी भाजी खायला लावायच्या भानगडीत आत्ता पडूच नका. या वयाला रोज ३५-४० मिलीग्रॅमची गरज, १०० ग्रॅम पेरूत २०० च्या आसपास असतं, म्हणजे पेरूची एक मोठी फोड पुरे. आणि पेरू आतून पांढरा मिळतो ना काका. साल काढून, बिया काढून, गर करून थंड इडलीला लावून बघा, शिजवू नका, गरम दुधात घालू नका, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. नाहीच जमलं तर थेंब आहेत, त्यात कमीपणा नाही. डी जीवनसत्त्व आणि लोहही तपासून घ्या, अशा ताटात एकटं क कमी असतं असं सहसा होत नाही.

प्रश्न : मॅम, मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. रात्री एकटाच असतो, सोनोग्राफी नाही, बालरोगतज्ज्ञ ७० किलोमीटरवर. गेल्या महिन्यात असं एक मूल आलं, नॉनव्हर्बल म्हणजे न बोलणारं, लंगडत. मी जवळ गेलो की ओरडायचं, तपासताच आलं नाही, घाबरून सरळ रेफर केलं. बरोबर केलं का? नाही तर कसं तपासायचं?
— एक डॉक्टर

उत्तर : डॉक्टर, रेफर केलंत ते चूक नाही. पण पुढच्या वेळी अर्धा तास स्वतःला द्या.

आधी लाइट कमी करा, पंखा फार आवाज करत असेल तर बंद, एक सोडून बाकी नातेवाईक बाहेर, आणि ॲप्रन काढून जमिनीवर बसा, त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, आईशी बोलत, त्याच्याकडे न बघता. या वेळात तुम्ही बघताय की पाय कसा ठेवलाय. खुब्यात काही असेल तर मांडी किंचित दुमडून बाहेरच्या बाजूला पडलेली असते आणि तो ती तशीच जपतो. मग आईला सांगा तिकडे जाऊन बस, तो सरकत येतो का, उभा राहतो का, कुठला पाय आधी टाकतो. हात आईचा, सूचना तुमची : चांगल्या पायापासून सुरुवात, बोटं, घोटा, नडगी, गुडघा, मांडी, खुबा शेवटी. तुम्ही पायाकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. सगळीकडेच ओरडतोय तर ओरडण्यातला फरक शोधा, गुणगुणणं थांबतं का, श्वास धरतो का. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाचांना शून्य ते दोन मार्क द्यायची फ्लॅक पद्धत तुम्ही शिकला असाल, तिच्या सुधारित रूपात आईने सांगितलेल्या त्याच्या खास खुणा त्यात लिहायच्या असतात, तेवढी एक ओळ केसपेपरवर आलीच पाहिजे. नाहीच जमलं तर दुखणं कमी करायचं औषध देऊन झोपू द्या, आणि झोपेत मांडी हलकेच लाटण्यासारखी आतबाहेर फिरवा, झोपेतही आक्रसला तर खुबा पक्का धरा. पाठीचा कणा आणि पोट विसरू नका, अपेंडिक्सची पोरंही लंगडतात.

रक्त काढायचंच असेल तर सुन्न करायचं क्रीम लावून पाऊण-एक तास थांबा, चौघांनी धरून एकदाच काढू या विचाराने पुढची दहा वर्षं ते पोरगं दवाखान्याच्या पायरीवर चढत नाही. सांध्यात पू आहे का ते ओळखायला १९९९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी मांडलेल्या चार गोष्टी तुमच्याकडेही होतात : ताप ३८.५ सेल्सियसच्या वर, पाय न टेकवणं, ईएसआर (सूज असली की वाढणारी रक्ताची तपासणी) ४० किंवा वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. चारही असतील तर पू आहे असं धरूनच गाडी बोलवा. नंतर त्यात सीआरपी (सूज-इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) २० च्या वर हे जोडलं गेलं, पण तो आकडा मिलीग्रॅम दर लिटरचा आहे, तुमची लॅब डेसिलिटरमध्ये देत असेल तर तोच २ होतो, यात मी स्वतः एकदा फसलेय. एकही गोष्ट नसली तरी घरी पाठवताना उद्या परत दाखवायचं सांगा. मूल तब्येतीने बरं असेल तर पाठवायच्या आधी अँटिबायोटिक ठोकू नका, सांध्यातलं पाणी तपासायला जायचंय, पण सुस्त पडलेलं, हातपाय गार असं असेल तर वाट बघू नका, कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, रक्त घेऊन अँटिबायोटिक लगेच द्या. भूल लागू शकते म्हणून निघताना खायला देऊ नका, आणि शेवटचं काय कधी खाल्लं ते चिठ्ठीवर लिहा.

आणि मोजे काढा. हे मी हसून सांगत नाहीये. एका मुलाला तीन ठिकाणी दाखवून माझ्याकडे आणलं होतं, खुबा, गुडघा, सगळे एक्सरे, सगळं रक्त, सगळं नॉर्मल. तो निळे मोजे कुणाला काढू द्यायचा नाही, झोपतानाही नाही, म्हणून कुणी काढलेच नव्हते. आजीने गाण्याच्या नादात एक मोजा उतरवला तेव्हा टाचेत बाभळीचा काटा निघाला, आत मोडलेला, भोवती पू धरलेला. लाकूड, काटा एक्सरेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो.

प्रश्न : तपासताना हातात मोबाइल दिला तर चालतं का? आमचे डॉक्टर रागावतात.
— एक बाबा, पुणे

उत्तर : चालतं. चार्जर पण न्या.